पिंपरी ते आकुर्डी, पायी: मुलाचं गाव बघायला गेलो तो दिवस

बैल बाजारात बघू नये, गोठ्यात जाऊन बघावा, असं माझा शंकरमामा म्हणायचा. आणि हे तो फक्त बैलांबद्दल म्हणायचा नाही. मला बघून गेलेल्या मुलाकडून 'पसंत आहे' असं पत्र आलं तेव्हा मामानं ते माझ्याकडूनच वाचून घेतलं, घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, आणि जाहीर केलं की मुलगा कुठं राहतो, कसा राहतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार कळवायचा नाही. जायचं तेही न सांगता. सांगून गेलं की लोक घर सारवून ठेवतात आणि एक दिवस शहाण्यासारखं वागतात.

या ब्लॉगवर मी हंपीपासून हिमाचलपर्यंत सगळीकडची वर्णनं लिहिली. परवा भाचीनं विचारलं, मावशी, तुझा अगदी पहिला प्रवास कुठला? मी म्हटलं, पिंपरी-चिंचवड. ती हसायलाच लागली. तिची कंपनी हिंजवडीला, रोजचे दोन तास तिचे त्या बाजूच्या ट्रॅफिकमध्ये जातात. तिकडं कुणी हौसेनं बघायला जातं हे तिला पटेना. पण त्या एका दिवसात मी जितकी थक्क झाले तितकी पुढं ताजमहालासमोरही झाले नाही. म्हणून आज त्याविषयी.

बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, बार्शीजवळच्या खेड्यात मामाकडे वाढलेली, कारण आईवडील दोघंही मी लहान असताना गेले. माझ्यासाठी दोन स्थळं होती. एक वैरागचं: विहीर, मळा, दारात ट्रॅक्टर. दुसरं हे पिंपरीचं: मुलगा रघुनाथ, मूळचा माढ्याकडचा, ट्रक बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात मशीनवर कामाला, राहायला आकुर्डीत भाड्याच्या खोलीत. पौष लागायच्या आत दोघांपैकी एकाला हो म्हणायचं होतं. मामाचा कल वैरागकडे, कारण जमीन डोळ्यांना दिसते, नोकरी दिसत नाही. माझा कल कुणी विचारला नाही. विचारला असता तर मी पिंपरी म्हणाले असते, आणि का, ते मला सांगता आलं नसतं. मुलाला मी धड पाहिलंही नव्हतं. मान खाली घालून पोहे दिले, त्यात त्याचे पाय तेवढे दिसले.

मला सोबत नेण्याचं कारण साधं होतं. मामाला अक्षरओळख नव्हती आणि शहरात म्हणे सगळ्या पाट्या इंग्रजीत. मामी खूप चिडली. मुलीनं लग्नाआधी मुलाच्या दारात जायचं, हे तिनं सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. शेवटी तोड निघाली: गावात सांगायचं की चिंचवडच्या गणपतीला चाललोय, आणि तिथं पोचल्यावर मी देवळात बसायचं, मामानं एकट्यानं चौकशी करून यायचं. मी मान डोलावली. जायला मिळत होतं, तर मी कशालाही मान डोलावली असती.

बार्शीहून छोट्या रुळाच्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून पॅसेंजरनं पुणं. छोटी गाडी इतकी सावकाश जायची की एका चढावर मामा खाली उतरला, बाजूनं चालत गेला आणि पुढच्या डब्यात चढला. पुण्याला उजाडताना पोचलो, स्टेशनच्या नळावर तोंड धुतलं आणि शिवाजीनगरहून पिंपरीची बस धरली. दोघांचं तिकीट मिळून रुपयाच्या आत. खिडकीची जागा मामानं घेतली आणि खडकी येईपर्यंत मला त्याच्या पटक्याच्या आडूनच शहर बघावं लागलं. दापोडीचा पूल ओलांडल्यावर मात्र तो स्वतःच उठला आणि म्हणाला, तू बस हितं, वाच काय काय लिहिलंय ते.

मी वाचायला लागले. एक पाटी संपेपर्यंत दुसरी. आमच्याकडे कारखाना म्हणजे बार्शीची गिरणी, एक भिंत, एक चिमणी, एक फाटक. इथं एका कारखान्याची भिंत संपायच्या आत दुसऱ्याची सुरू व्हायची. मामानं चिमण्या मोजायला घेतल्या आणि कासारवाडीच्या पुढं सोडून दिल्या.

पिंपरीला उतरलो आणि तिथून दिवसभर पायीच फिरलो, कारण पायी चालल्याशिवाय गाव कळत नाही, हेही मामाचंच. पहिला धक्का नाकाला बसला. औषधांच्या कारखान्याच्या बाजूनं आंबवलेल्या पिठासारखा वास येत होता. एका वाटसरूनं सांगितलं की आत पेनिसिलिन तयार होतं. आमच्या गावचे डॉक्टर ज्या सुईनं माणसं वाचवायचे, ती सुई कुठंतरी तयार होते आणि त्या जागेला वास असतो, हे माझ्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. मी तिथं भिंतीपाशी उभी राहून तो वास छातीभरून घेतला. मामा म्हणाला, चल, लोक बघत्यात.

कामगारांची वसाहत बघितली. एकसारखी घरं, प्रत्येकापुढं बाग, झाडांना चुना लावून केलेले पांढरे पट्टे. मामानं एका बाईला विचारलं, हे कुठल्या साहेबाचं घर? ती म्हणाली, माझ्या मिस्टरांचं, ते बॉयलरवर आहेत. मामा पुढचं प्रत्येक घर वळून वळून बघत गेला.

मग मुंबईच्या रस्त्याला लागलो आणि मला आयुष्यभर पुरणारं एक दृश्य दिसलं. समोरून एक ट्रक येत होता, पण त्याला अंगच नव्हतं. दोन लांब लोखंडी पट्ट्या, इंजिन आणि चाकं, एवढंच. ड्रायव्हर एका लाकडी खोक्यावर उघड्यावर बसलेला, तोंडाला मफलर गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. त्याच्यामागं तसाच दुसरा. मागं तिसरा. ओळीनं अकरा नागडे ट्रक आमच्या बाजूनं धडधडत गेले. पानाच्या टपरीवाल्यानं सांगितलं की नव्या ट्रकांचे सांगाडे असेच देशभर जातात, टप आणि अंग ज्याचं त्यानं आपल्या गावी चढवून घ्यायचं. मामा म्हणाला, म्हणजे आपल्याकडं पोरगी देतात तसंच. मला त्याचं हसू आलं, आणि ते आलं नसतं तर बरं झालं असतं असंही लगेच वाटलं.

भूक लागली म्हणून पिंपरी कॅम्पात शिरलो. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची ही वस्ती, आणि बाजार असा की एका गल्लीत सुईपासून सायकलपर्यंत सगळं. जाणाऱ्यांनी तिथं दाल-पकवान खावं, आजही मिळतं. कुरकुरीत मोठी पुरी, वर हरभऱ्याची घट्ट डाळ, चिरलेला कांदा. दोन प्लेटी आणि दोन चहा दीड रुपयात. म्हातारे मालक स्वतः वाढत होते. त्यांनी हिंदीत विचारलं कुठून आलात, मामानं सांगितलं बार्शी. ते म्हणाले, इथं प्रत्येक जण कुठून ना कुठून आलेलाच आहे, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाचं तोंड तुमच्यासारखंच उघडं असतं. मामानं तोंड मिटलं.

चिंचवड स्टेशनावरून गावात आत वळलं की सगळा आवाज मागं राहतो. काळ्या दगडाचं देऊळ, खाली पवनेचा घाट, पाण्यात धुणं आपटणाऱ्या बायका. इथं बसून दोन तास घालवावेत असंच ठिकाण आहे. दर्शन झालं, आणि ठरल्याप्रमाणं मामानं मला सभामंडपात बसायला सांगितलं. मी बसले. तो देवळाच्या पायऱ्या उतरला, वळून माझ्याकडे बघितलं, चार पावलं गेला आणि परत आला. अनोळखी शहरात वयात आलेली भाची एकटी ठेवायची, की मुलाच्या दारात न्यायची, यातलं कमी वाईट काय ते त्याला ठरवता येईना. मी म्हटलं, तिथल्या पाट्या कोण वाचणार? पदर डोक्यावर घेऊन चल, असं तो म्हणाला, आणि आम्ही आकुर्डीकडे निघालो. चिंचवडगावातून आकुर्डी तासाभराची चाल आहे, तेव्हा अर्ध्या रस्त्याला दोन्हीकडं बाजरीची कापलेली शेतं होती आणि शेतांच्या टोकाला पुन्हा चिमण्या.

आकुर्डी गावठाणात पाण्याच्या टाकीपाशी विचारलं, रघुनाथ, ट्रकच्या कंपनीतला. एकानं बोटानं दाखवलं: ठकूआक्कांचं घर, बाजूची पत्र्याची खोली. घराला कडी होती, आक्का कुठं बाहेर गेलेल्या. खोलीचं दार मात्र उघडं होतं. मामा दारात उभा राहिला, मी त्याच्या मागं.

आत एक खाट. कोपऱ्यात स्टो, दोरीवर कपडे, भिंतीला टेकवलेल्या दोन गुंडाळलेल्या वळकट्या. खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. मामानं खुणेनं विचारलं, मी हळूच वाचलं: रघुनाथ. आणि खाटेवर तोंडावर पंचा घेऊन एक माणूस घोरत पडलेला. एक हात खाली लोंबत होता. बारा वाजायला आले होते.

मामा वळला. गल्ली ओलांडून रस्त्याला लागला. मग म्हणाला, "सूर्य डोक्यावर आला अन् नवरदेव घोरतोय. बघितलास गोठा?"

आमच्या गावात दिवसा दोनच माणसं झोपायची, आजारी आणि दारुडा. त्याहून तिसरं काही असू शकतं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. वाचणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. आम्हाला नाही कळलं, आणि त्यात मला आज लाज वाटत नाही. जे कधी बघितलंच नाही ते कुठून कळणार? मला फक्त इतकं कळलं की वैरागला पत्र जाणार आणि ते पत्रही मलाच लिहायला लागणार. डोळ्यांत पाणी आलं. ते मामाला दिसू नये म्हणून मी रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागले, पण आता त्यांत काही मौज उरली नव्हती.

पुण्याहून परतीची गाडी संध्याकाळची, हातात अख्खी दुपार. मामाला बसवेना, म्हणून आम्ही नुसतेच चालत राहिलो. निगडीपर्यंत गेलो, परत फिरलो. उन्हं कलली तेव्हा एका मोठ्या कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी दिसली, बाजूला वडाची सावली. तिथं भाकरी सोडली. फाटकाशी बरीच माणसं सायकली धरून उभी होती, जणू काही दर्शनाची रांग. मामानं त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. त्याचा शहरावरचा विश्वासच उडाला होता.

साडेतीनला भोंगा झाला. मी दचकून उभी राहिले. फाटक उघडलं, आणि आतून सायकली यायला लागल्या. सुरुवातीला पाच-दहा, मग रस्ता भरून. निळे कपडे, हँडलला लटकवलेले डबे, घंट्यांचा एकच गलका. एक रांग पुढं सरकते न सरकते तोच मागून दुसरी. त्याच वेळी दुसऱ्या अंगानं फाटकाशी थांबलेले लोक आत चालले होते, आणि एकाचाही दुसऱ्याला धक्का लागत नव्हता. माझ्या उभ्या जन्मात मी इतकी माणसं एकाच कामावरून येताना बघितली नव्हती. आमच्या गावात हातांना काम नाही म्हणून खडी फोडायला गेलेली माणसं मी बघितली होती. इथं हातांना इतकं काम होतं की त्यासाठी माणसांना पाळीपाळीनं यावं लागत होतं. मी मामाकडे बघितलं तर त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच होता.

शेजारच्या बाकावर एक कामगार चहा पीत होता, लातूरकडचा, बोलण्यावरून कळलं. मामानं त्याला विचारलं, ही एवढी माणसं आत्ता आत गेली, ती कधी बाहेर येणार? तो म्हणाला, रात्री बाराला, आणि तेव्हा तिसरी पाळी आत जाणार ती सकाळी सातला सुटणार. यंत्रं थांबतच नाहीत. मामानं विचारलं, मग ती रात्रीची माणसं झोपतात कधी?

"आत्ता, भाऊ," तो म्हणाला. "दिवसा. दुसरं कधी झोपायचं?"

मामानं भाकरी खाली ठेवली. तो मला म्हणाला, पर ट्रंकेवर नाव त्याचंच होतं न्हवं? मी म्हटलं, ट्रंक त्याची होती, माणूस कोण ते कुठं दिसलं? तोंडावर पंचा होता. तो म्हणाला, अगं पण खाट कुणाची? हे त्या लातूरच्या माणसानं ऐकलं आणि तो हसला.

"खाट कुणाचीच नसती हितं, खोलीची असती. एक उठतो, दुसरा पडतो. आमच्याकडं तर खाट कदी गारच पडत न्हाई."

मामा पटका सोडून पुन्हा बांधायला लागला. कोड्यात पडला की तो तसं करायचा. परतीची वेळ होत आली होती, त्याचं बघून झालं होतं, मत ठरलं होतं. तेच मत घेऊन घरी जाणं सोपं होतं. आणि मामानं एकदा ठरवलेलं मी कधी बदलायला लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं. मी म्हटलं, "मामा, परत जाऊ. गाडी चुकली तर चुकली." माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं त्या नागड्या ट्रकांकडं बघितलं होतं, आणि उठला.

ठकूआक्का आता अंगणात होत्या, म्हशीला वैरण टाकत. नऊवारी, कपाळावर आडवं मोठं कुंकू. मामानं आपण कोण ते सांगितलं नाही, फक्त रघुनाथची चौकशी केली. त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं, माझ्यावर नजर जरा जास्त ठेवली, आणि आम्ही कोण ते त्यांना न सांगताच समजलं.

"सकाळी तुमीच व्हय आल्तं? टाकीवर सांगत हुते. त्यो निजल्याला सदा हाय, कोकनातला, भट्टीवर असतुया. ह्या आटवड्याला त्येची रातपाळी. रगूची सकाळची हाय, येईलच आता. तिसरा गेला दुपारपाळीला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हितं दिसा निजल्यालं मानूस आळशी नसतंय, पावनं. हितं कुनी ना कुनी निजल्यालंच असतंय."

त्यांची जमीन कारखान्यात गेली होती. दूरची एक चिमणी दाखवून म्हणाल्या, त्या चिमणीच्या बुडाला आमची बाजरी असायची. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. आधी भोंग्याचा राग यायचा, आता भोंग्यावर चहा ठेवते, म्हणाल्या. दुपारी मिरच्या कुटत नाहीत, शेळी लांब बांधतात, कारण पत्र्याच्या पलीकडे कुणीतरी झोपलेलं असतं. हे सगळं त्या मामाला दबक्या आवाजात सांगत होत्या, आणि मामा शेतातून हाक मारल्यासारखा उत्तर देत होता. त्याला दुसरा आवाजच नव्हता.

तेवढ्यात रघुनाथ आला. गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरला आणि ती हातानं ढकलत आणली, चेन वाजू नये म्हणून. आम्हाला बघून जागीच थिजला. कपड्यांना तेलाचे डाग, कानामागं काळं. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, मामाच्या पाया पडला, आणि इकडंतिकडं बघायला लागला. मला त्याचं संकट लगेच कळलं. सासरे होऊ घातलेले मामा दारात, आणि बसवायला खाट एकच, तिच्यावर सदा.

आता मामाचं मानपान काय चीज होती ते सांगायला हवं. एका लग्नात त्याला पटक्याऐवजी टोपी दिली म्हणून तो न जेवता सात मैल चालत घरी आला होता. आमच्याकडे असा पाहुणा आला तर झोपलेला भाऊ असो की बाप असो, त्याला उठवून खाट झटकून, वर घोंगडं टाकून पाहुण्याला बसवतात. मामा खाटेकडे बघत होता. मीही बघत होते. मला वाटलं, उठव रे त्याला, एकदाच उठव, सगळं याच्यावर आहे.

रघुनाथनं आत जाऊन एक वळकटी उचलली, चवड्यांवर चालत बाहेर आला, आणि ती अंगणात भिंतीलगत अंथरली. मामा खणखणीत आवाजात म्हणाला, "आम्ही भाईर बसायचं?"

खाटेवरच्या माणसानं कूस बदलली. रघुनाथनं दोन्ही हात जोडले.

"मामा, जरा हळू. तो रात्रभर भट्टीपुढं उभा होता. आज रात्री परत जायचंय त्याला."

मामाला 'हळू बोला' असं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मामानं त्या खोलीकडे बघितलं, मग रघुनाथच्या जोडलेल्या हातांकडे. गल्लीतून एक सायकल गेली. मग मामा खाली वळकटीवर बसला, मांडी घातली, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्याला कुजबुजताना ऐकलं. तो म्हणाला, बरं.

स्टो पेटवला तर भुर्रर होतं, म्हणून रघुनाथनं आक्कांच्या चुलीवर चहा केला. आम्ही चौघं अंगणात बसून कुजबुजत चहा प्यायलो, चोरी करायला आल्यासारखे. सदा एकदा खोकला तर चौघांच्या बश्या तोंडाशी थांबल्या. मामानं विचारलं, लग्न झाल्यावर राहणार कुठं? रघुनाथनं लपवालपवी केली नाही. आक्कांच्या मागच्या अंगाला एक खोली रिकामी होणार आहे, वर पत्रा आहे, उन्हाळ्यात तापते. मग तो जरा थांबला, आणि माझ्याकडे न बघता मामाला म्हणाला, "माझीपण दर तिसऱ्या आठवड्याला रातपाळी असते. तेव्हा दिवसा मी झोपणार. घरात वावरताना त्रास होतो. त्यांना हे आधी सांगा."

'त्या' दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "ऐकलं मी." तेव्हा त्यानं मान वर करून बघितलं, आणि मीही खाली घातली नाही. आक्कांनी बशीत तोंड लपवलं.

निघताना आणखी एक गोष्ट झाली. मामाच्या वहाणा नव्या, करकर वाजायच्या. खोलीच्या दारावरून जाताना त्यानं त्या पायातून काढल्या, हातात घेतल्या, आणि अनवाणी गल्लीच्या टोकापर्यंत गेला. गाडी चुकली नाही, मात्र धावत धरावी लागली.

घरी मामी वाट बघतच होती. घर कसं आहे, तिनं विचारलं. मामा म्हणाला, घर नाही, एक खाट आहे आणि तिघं जण आहेत. बसवलं कुठं? अंगणात. खाट होती ना? होती, निजलेला होता त्यावर एक, त्याला उठवलं नाही. मामीनं कपाळाला हात लावला. असल्या ठिकाणी पोरगी द्यायची म्हणता? मामा म्हणाला, "परक्या निजल्याल्या माणसासाठी त्यानं मला हळू बोल म्हणून सांगितलं. आता हिची काळजी मला न्हाई." आणि खिशातलं पत्र माझ्यापुढं ठेवलं, उत्तर लिहायला.

मामी मात्र चुलीपाशी मला बाजूला घेऊन म्हणाली, दिवसा भांडं न वाजवता संसार करायचा, जमेल तुला? मी म्हटलं जमेल. मला काहीही माहीत नव्हतं.

जमायला फार दिवस लागले. पत्र्याची खोली उन्हाळ्यात खरंच तापायची, आणि रातपाळीच्या आठवड्यात दुपारी मी पोळ्या सुद्धा लाटायची नाही, पोळपाट हलतो म्हणून. कधी कधी त्या शांततेचा इतका संताप यायचा की मी मैलभर चालून रेल्वेच्या रुळांपाशी जायची आणि मालगाडीच्या आवाजात मोठ्यानं काहीतरी बोलून घ्यायची. आमची मोठी मुलगी 'आई' म्हणायच्या आधी ओठांवर बोट ठेवून 'श्श' म्हणायला शिकली. आता त्या भागात मेट्रो आहे, आक्कांच्या गोठ्याच्या जागी सात मजली इमारत आहे, आणि पायी फिरायचं असेल तर सकाळी आठच्या आत निघालेलं बरं.

ह्यांना रिटायर होऊन पंधरा वर्षं उलटून गेली. रात्री झोपतात, चारचौघांसारखे. दुपारी पेपर वाचत बसतात. तरी दुपारच्या वेळी हातातून एखादं पातेलं निसटलं, की मी आधी आतल्या खोलीकडे बघते आणि मग पातेल्याकडे.